अनुमोदक: श्रीमती विधाते

रविवार, ४ जुलै २००४. सकाळी १०.

पत्र शुक्रवारीच आलं, पण रोजनिशी रविवारी सुरू केलेली बरी. वही पिंपळगावच्या एका शीतगृहाची, कोरी. यांना दरवर्षी कुणीतरी देत असे. हे कधी लिहीत नसत.

पत्र असं. गोदाकाठ वस्तुसंग्रहालयाच्या विश्वस्त मंडळात कै. सावळीराम विधाते यांच्या निधनाने रिकामी झालेली जागा अध्यक्षांनी आपल्या अधिकारात माझ्या नावाने भरली आहे. खाली अध्यक्ष वकीलसाहेबांची सही.

नवऱ्याच्या जागी बायको बसवली, असं लोक म्हणतील. तसं नाही. माझं वाचन त्यांच्या कानावर गेलं असणार. शाळा चौथीपर्यंत, पण पुढचं सगळं माझं मीच वाचलं. वाचनालयाचं कार्ड तेवीस वर्षांचं आहे. सोबत संस्थेची घटना होती, बावीस पानं. दोनदा वाचली. मंडळात आणखी कुणी एकदा तरी वाचली असेल का, शंका आहे.

निश्चय: प्रत्येक सभेत एकदा तरी बोलायचं. यांचं नाव काढायचं नाही. आणि दालन क्रमांक तीनवर यांच्या नावाची पाटी लावून घ्यायची. शेवटचे दोन एकत्र कसे जमणार, ते बघू.

दालन तीन म्हणजे मापांचं. हे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. किलो-लिटर आल्यावरही बाजारात लोक जुनी मापं काढून बसत, ती हे जप्त करत. पुढे खात्याच्या परवानगीने त्यातली दोनशे चौदा संग्रहालयाला दिली. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. प्रत्येकाखाली यांच्या अक्षरातली चिठ्ठी. कुठल्या गावची, कुणाच्या दुकानातली, कोणत्या वर्षी.

हे जानेवारीत गेले. मी ठीक आहे. पाटी हा संस्थेचा प्रश्न आहे, माझा नाही.

शेजारच्या सिंधुबाईंना सांगितलं. त्या पहाटे फुलबाजारात बसतात, दुपारी मोकळ्या असतात. म्हणाल्या, "ट्रस्टी म्हंजे पगार हाय का?" नाही म्हटलं. "मग जा. घरात बसून तरी काय करता."


रविवार, १८ जुलै. संध्याकाळी ७.

पहिली सभा. सिडकोतून बसने पंचवटी कारंजा, पुढे पायी. वीस मिनिटं लवकर पोचले.

विश्वस्त नऊ. आले पाच, मी धरून. जानेवारीपासून एकही सभा झाली नव्हती असं कळलं, कारण चारच जण येत आणि कोरम पाचाचा. म्हणजे सहा महिने माझीच वाट बघत होते.

विषय क्रमांक एक, दुखवट्याचा ठराव. तोही जानेवारीपासून पडून होता. चिटणीस ललितराव, कॉलेजातून रिटायर झालेले, त्यांनी वाचला. "मंडळाचे ज्येष्ठ सहकारी सावळीराम विधाते यांच्या निधनाने मंडळास तीव्र दुःख झाले आहे." दोन मिनिटं उभे राहिलो. मग अनुमोदक कोण, असा प्रश्न आला. एक विश्वस्त पेपर बघत होते, एकांना ऐकू कमी येतं. वकीलसाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "विधातेबाई?" मी अनुमोदन दिलं. ठराव मंजूर झाला. पहिल्याच सभेत बोलले, निश्चय पार पडला.

नंतरच्या चार ठरावांनाही मीच अनुमोदक. क्लार्क छायाने समजावलं, एकाने सुचवायचं आणि दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, नाहीतर ठराव होत नाही. म्हणजे माझ्यावाचून तिथे काही होत नाही.

पाटीचं बोलायचं होतं. त्यासाठी अजेंड्यात शेवटचा विषय असतो, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". तिथवर पोचलो तेव्हा कचोरी आली.


बुधवार, २१ जुलै.

पोस्टाने पाकीट आलं. दुखवट्याच्या ठरावाची प्रत, "कुटुंबीयांस माहितीसाठी". अनुमोदक म्हणून खाली माझं नाव. छान टाइप केलं आहे. मंडळाला आभाराचं पत्र लिहावं का? ते पुढच्या सभेत माझ्यासमोरच वाचतील. नको.

मनीषाचा कळवणहून फोन. जावई बरे आहेत. तिला ठराव वाचून दाखवला.  फोन कट झाला की काय असं वाटलं.


रविवार, २९ ऑगस्ट.

सभा. पाच जण. ठराव सहा, सहांनाही अनुमोदक मी. छपराचे पत्रे बदलणे, झाडूवाली बाई ठेवणे, वगैरे. ऐनवेळच्या विषयाला उठणार, तर वकीलसाहेबांना मुंबईहून फोन आला आणि ते आत गेले. पंधरा मिनिटं वाट पाहिली. चिवडा चांगला होता.

महत्त्वाचा विषय शेवटीच घेतात, हे आता लक्षात आलं. घाई करायची नाही.


मंगळवार, ७ सप्टेंबर. दुपारी ३.

विश्वस्ताने अधूनमधून पाहणी करावी, कलम नऊ. आजपासून रोज अकरा ते एक जायचं ठरवलं. दालन तीनमध्ये भिंतीला ओल आहे, तीवर लक्ष ठेवलं पाहिजे.

खुर्ची छायाने आणून दिली. चिठ्ठ्या वाचायला बसले नव्हते, ओल बघत होते. पण वाचल्या गेल्या. "पायली, विंचूर, कांदा-धान्य दुकान. मालकाने हुज्जत घातली, नंतर चहा दिला." हे असलं कुणी चिठ्ठीत लिहितं का? मी तेव्हाही म्हटलं होतं.


बुधवार, २२ सप्टेंबर.

ओल तेवढीच आहे. शाळेची सहल आली. चाळीस मुली. एकीने विचारलं, चिपटं म्हणजे किती. मी सांगितलं, चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली. पुढे बोलत गेले. बाई घड्याळ बघायला लागल्या. जाताना त्या छायाला म्हणाल्या म्हणे, तुमच्या गाइड चांगल्या आहेत. छायाने त्यांना मी विश्वस्त असल्याचं सांगायला हवं होतं.

मनीषा म्हणते, आई, रोज कशाला जातेस, थकशील. तिला ओलीचं सांगितलं.


रविवार, १० ऑक्टोबर. संध्याकाळी ८.

आजचं सगळं लिहून ठेवते.

सभेला एक पाहुणे होते. राजाभाऊ, पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षं परदेशी पाठवतात. पन्नाशीचे, पांढरे कपडे, बोलणं मऊ. विषय क्रमांक पाच असा: "दालन क्रमांक तीनचे संपूर्ण नूतनीकरण करून त्यास स्मृतिनाम देणे. प्रायोजक श्री. राजाभाऊ."

मी दोनदा वाचलं. स्मृतिनाम. मला एक शब्द बोलावा लागला नाही. तीन महिने मी ऐनवेळच्या विषयाची वाट बघत होते आणि मंडळाने तो अजेंड्यावर छापून आणला.

ललितराव सूचक म्हणून उठतच होते, तेवढ्यात मी अनुमोदन देऊन टाकलं. क्रम चुकला, पण चाललं. मग दोन शब्द बोलले. म्हटलं, त्या दालनाला नाव मिळतंय यात मला सगळं आलं, मंडळाचे उपकार विसरणार नाही, राजाभाऊंसारखी माणसं आहेत म्हणून गेलेल्या माणसाची आठवण राहते.

 वकीलसाहेब चष्मा पुसत राहिले. ललितराव छायाकडे बघत होते, छाया कागदाकडे. राजाभाऊ उठले आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडले. "वहिनी," म्हणाले, "एवढ्या मोठ्या मनाचं माणूस मी पाहिलं नाही."

यांचं नाव पिंपळगावपर्यंत पोचलं होतं, हे मला माहीत नव्हतं. बाजारात जप्त्या करायला जात, तेव्हाची ओळख असणार. राजाभाऊ म्हणाले, पितृपक्ष चालू आहे, काम दसऱ्यानंतर सुरू करू. मला पितृपक्षही चालला असता.

सिंधुबाईंना पेढे दिले. "साहेबांचं नाव लावणार, लय झाक झालं," म्हणाल्या.


मंगळवार, १२ ऑक्टोबर.

इतिवृत्ताची प्रत आली. "स्मृतिनाम प्रायोजक सुचवतील ते." बरोबर आहे. राजाभाऊंनी सुचवायचं, मंडळाने मान्य करायचं. यांचं नाव मीच सुचवणं बरं दिसलं नसतं.


सोमवार, २५ ऑक्टोबर.

मापं काढायला सुरुवात. रंग द्यायचा तर काढावी लागणारच. मी आणि छाया, दोघीच. एकेक माप वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात, चिठ्ठी आत. यादी मीच केली. दोनशे चौदा बरोबर भरली. खोकी अकरा. मागच्या गोदामात ठेवली.

चौथ्या खोक्याला छाया थांबली. म्हणाली, "काकू, तुम्हाला ललितसरांनी सगळं नीट सांगितलंय ना?" मी म्हटलं, मला सांगायला कशाला पाहिजे, ठरावाला अनुमोदन माझंच आहे.  तिने मग चहा करून आणला, न मागता. तिला सर्दी झाली होती, डोळे लाल होते.


गुरुवार, १८ नोव्हेंबर.

दिवाळी झाली. काही केलं नाही. पहिलं वर्ष आहे.

रंग जांभळा दिलाय. यांना आवडला नसता, पण आजकाल असेच रंग चालतात. सुतार भिंतीला फळ्या ठोकतोय. आडव्या नाहीत, तिरप्या. त्यात गोल भोकं, एकेका ओळीत बारा. पायली त्यात बसणार नाही. विचार केला, ती तेलाच्या मापांसाठी असावीत. तेलाची मापं उंच असतात.

आपल्याकडे तेलाची मापं नऊच आहेत. भोकं शंभरावर. पुढे आणखी मिळतील या हिशेबाने केली असतील.


रविवार, १९ डिसेंबर.

सभा. अनुमोदन चार. उद्घाटन २० फेब्रुवारीला, द्राक्षांच्या हंगामात. तेव्हाच का, असं विचारणार होते, पण राजाभाऊंना त्यांच्या कामातून सवड तेव्हाच असणार.

पाटी तयार होऊन आली आहे, संगमरवरी. खाकी कागदात बांधलेली, भिंतीला टेकवून ठेवलीय. उघडून बघता का, असं ललितरावांनी विचारलं. त्या दिवशीच बघेन म्हटलं. त्यांना आणखी काही बोलायचं होतं असं वाटलं. पण बस चुकली असती.

मनीषाला फोन. जावयांना रजा घ्यायला सांग म्हटलं. ती म्हणाली, "आई, नाव बाबांचंच आहे असं तुला कुणी तोंडाने सांगितलंय का?" ही काय सांगायची गोष्ट आहे का?


शनिवार, १५ जानेवारी २००५.

तारखेने वर्ष झालं. तिथी पुढे आहे. मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे या वेळी वर्ष तेरा महिन्यांचं.

दोन कप चहा टाकला. वर्षभरात किती वेळा झालं असेल. दुसराही मीच पिते.


बुधवार, २ फेब्रुवारी.

वर्षश्राद्ध झालं. मनीषा आणि जावई येऊन गेले. गुरुजी घाईत होते. खीर उरली.


रविवार, २० फेब्रुवारी. रात्री ९.

मनीषा आणि जावई दहालाच आले. मी यांनी घेतलेली निळी साडी नेसले. सिंधुबाईंनी शेवंतीचा हार स्वतः गुंफून दिला, पाटीला घालायला.

पडदा मंत्र्यांनी ओढायचा होता, ते आले नाहीत. वकीलसाहेबांनी ओढला. "कै. सुलाबाई स्मृती द्राक्ष दालन." सुलाबाई राजाभाऊंची आई. दोन वर्षांपूर्वी गेली. बाई चांगली होती असं भाषणात कळलं. डोक्यावर पाट्या वाहून मुलाला वाढवलं.

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

आत द्राक्षांच्या जातींचे फोटो, जुनी छाटणीची कात्री, पेट्या. तिरप्या फळ्यांच्या भोकांतून वाइनच्या बाटल्या. रिकाम्या होत्या, तेवढं बरं.

मला स्टेजवर बोलावलं. शाल, श्रीफळ आणि द्राक्षांच्या घोसांची पेटी. ललितराव माइकवर म्हणाले, पतीचा संग्रह बाजूला सारून नव्या दालनाला जागा देणाऱ्या, ठरावाच्या अनुमोदक. राजाभाऊंचे डोळे भरून आले होते. खरंच भरून आले होते. त्यांना मी काय म्हणणार?

शेवंतीचा हार मी सुलाबाईंच्या फोटोला घातला. हातात होता.

नंतर कळलं ते असं. वकीलसाहेबांना वाटलं ललितरावांनी मला सांगितलं आहे. ललितरावांना वाटलं छायाने. छायाला वाटलं मला माहीत आहे आणि मी सहन करते आहे. मी भाषण केलं तेव्हा तर तिघांचीही खात्रीच झाली. मनीषा पार्किंगमध्ये रडली. मला म्हणाली, तूही रड. मला आलं नाही. साडीला द्राक्षाचा डाग पडलाय, तो निघेल का बघायचं आहे.


सोमवार, २१ फेब्रुवारी.

काल लिहिलेलं वाचलं. तसं काही बिघडलेलं नाही. मापं गोदामात सुखरूप आहेत. दालन चार अजून रिकामं आहे. पुढच्या सभेत तोच विषय.


बुधवार, २ मार्च.

गोदामात गेले. तिथे ओल आहे. इथली खरी आहे. तीन खोक्यांची बुडं मऊ झाली आहेत. छायाने विटा लावून दिल्या.

दालन चार राजाभाऊंच्या व्याह्यांनी कांद्यासाठी मागितलं आहे, असं ती म्हणाली.


रविवार, ६ मार्च. संध्याकाळी ७.

सभा. आठ जण आले. चहाबरोबर कचोरी आणि द्राक्षं होती.

विषय क्रमांक दोन: प्रदर्शनात नसलेल्या वस्तूंचं काय करायचं. एकाने मोडीत द्याव्यात असं सुचवलं, पितळेचं वजन बरंच भरेल. ललितरावांनी खाली बघितलं. मी उठले. म्हटलं, कलम चौदा वाचा. प्रदर्शनात नसलेली वस्तू देणगीदारास, तो हयात नसल्यास त्याच्या वारसास परत करावी. कुणाकडे घटनेची प्रत नव्हती. माझी दिली. वकीलसाहेबांनी मोठ्याने वाचली. मोड टळली. सूचक ललितराव. अनुमोदक कोण, हे या वेळी कुणी विचारलं नाही. सगळे टेबलाकडे बघत होते.

मीच दिलं. ठराव पूर्ण व्हायला हवा.

मग विषय संपत गेले आणि एकदाचा ऐनवेळचा आला. फोन आला नाही. कचोरी संपलेली होती. वकीलसाहेबांनी वही मिटली नाही. म्हणाले, "विधातेबाई, तुमचा पहिल्यापासून एक विषय होता ना? आज बोला. वेळ आहे."

सगळे थांबले होते. 

"नाही," म्हटलं. "आता काही नाही."

सभा संपली असं जाहीर झालं.


सोमवार, १४ मार्च.

सोमवारी संग्रहालय बंद. छायाने खास उघडलं. ताबापावती तिने टाइप करून ठेवली होती. "देणार: मंडळातर्फे विश्वस्त." कुणी विश्वस्त येणार होते, त्यांच्या घरी लग्न निघालं. छाया म्हणाली, काकू, उद्या करू. टेम्पो दारात उभा होता. देणार म्हणून मी सही केली. "घेणार: देणगीदाराचे वारस." तिथेही केली. साक्षीदार छाया.

दोन्ही सह्या एकाच बाईच्या असल्या तर चालतात का, याबद्दल घटनेत काही नाही. बावीस पानं आहेत, पण हे नाही.

खोकी अकरा. चार कॉटखाली, तीन कपाटावर, उरलेली हॉलमध्ये भिंतीला. टेम्पोवाल्याने विचारलं, दुकान टाकताय का.


बुधवार, १६ मार्च.

मापं काढून मांडली. खिडकीत, टीव्हीवर, ओट्यावर, शोकेसमध्ये. प्रत्येकाखाली चिठ्ठी. घराला दोनच खोल्या आहेत, त्यामुळे एकशे तीसच मावली. बाकीची पाळीपाळीने मांडेन. मोठ्या संग्रहालयांत असंच करतात.

निश्चय: रोज अकरा ते एक घर पाहण्यासाठी उघडं ठेवायचं. सोमवार बंद.

मनीषा म्हणते, कळवणला ये राहायला, ही सगळी मापं घेऊन ये हवं तर. एवढी कशी नेणार? शिवाय इथे रोज अकरा ते एक कुणीतरी लागतं.


शुक्रवार, १८ मार्च.

पाहायला आलेले: गॅसवाला. सिलिंडर ठेवताना म्हणाला, भारी आहे.


रविवार, २० मार्च. दुपारी १.

सिंधुबाई आल्या. फुलं लवकर संपली होती. मी त्यांना जेवायला थांबवलं. खिडकीपासून ओट्यापर्यंत सगळी मापं त्यांनी हात लावून पाहिली. मी वाटीने तांदूळ काढत होते.

"सगुणाताई," म्हणाल्या, "घरात दोनशे मापं हायेत आन् तुमी वाटीनं तांदूळ घेता व्हय?"

खरंच होतं ते. मापटं घेतलं, सटाण्याचं, काठ जाड असलेलं. दोघींना एक मापटं जास्त होतं, पण भरून बघावंसं वाटलं. डब्यातून ओतत गेले. भरेना. आणखी ओतले. सिंधुबाई म्हणाल्या, अवं थांबा, खाली सांडतंय.

जप्त केलेल्या प्रत्येक मापाच्या बुडाला हे खिळा ठोकून भोक पाडत. पुन्हा कुणी वापरू नये म्हणून. संग्रहालयात दिली, त्यांनासुद्धा. मी म्हटलं होतं, ही तर नुसती ठेवायची आहेत, यांना कशाला? तर म्हणाले, नियम तो नियम. संध्याकाळी गॅलरीत बसून ठोकत असत, शेजारचे तक्रार करत. मला माहीत होतं. दोनशे चौदांची यादी मी माझ्या हाताने केली, एकेक उलटं करून पुसलं, गुंडाळलं. तरी ओतत होते.

सिंधुबाईंनी मापटं उजेडाकडे धरलं. भोकाला डोळा लावून माझ्याकडे बघितलं. मला हसू आलं. मग दुसरं काहीतरी आलं आणि थांबेना. त्या मापटं खाली ठेवून माझ्याजवळ फरशीवर बसल्या. 

तांदूळ वेचायला अर्धा तास लागला. ओट्याखाली बरेच गेलेत, ते अजून तिथेच आहेत. भात वाटीनेच मोजून लावला. दीड वाटी. पुरला.